एक माणूस अजून पोचायचं आहे

दुपारची फेरी आटोपून सगळे टँकर परत आले होते. धुऊन, वाफ देऊन, चार्जिंगला लावूनही झाले होते. चालकांचा चहा झाला होता. तरी पयोधारा दूध संघाचं फाटक बंदच होतं, आणि फाटकापाशी कुणीतरी फोडलेल्या नारळाचं पाणी उन्हात वाळत होतं.

चेलना मगदूम त्या नारळाला वळसा घालून बाजूच्या लहान दारानं आत आली. आई गेल्यापासून ती इथं पहिल्यांदाच येत होती. महाव्यवस्थापक निनाद देशिंगकर तिच्याहून लहान होता. खुर्ची पुढं करताना तो जरा गडबडला.

"मॅडम, सांगायला बरं वाटत नाही. पण आपल्या प्रणालीतलं आईंचं वळण काढून टाकावं लागणार. वारस म्हणून तुमची सही लागते."

"का काढायचं?"

"कारण ते रोज थांबतं. खिडकीतून बघा ना. दुपारचे सगळे आले, तरी संध्याकाळच्या गाड्या सोडत नाही. शेवटी मी माझ्या अधिकारात फाटक उघडतो. तोवर गावोगावी दूध तापत असतं."

"कशासाठी थांबतं?"

"ते तुम्ही खाली जाऊन बघा," तो म्हणाला. "बाळगोंडाकाका दाखवतील. मी सांगितलं तर विचित्र वाटेल."

दूध थांबत नाही, हे दुधाच्या धंद्यातलं पहिलं आणि शेवटचं शास्त्र. ते मोजायचं, थंड करायचं, टँकरात भरायचं, तपासायचं, पिशव्यांत घालायचं, आणि ज्याचं त्याचं बिल ज्याच्या त्याच्या खात्यावर टाकायचं. ही सगळी कामं एकमेकांच्या शेपटीला बांधलेली असतात. पूर्वी माणसं ती फोनवर ओरडून चालवत. एकानं विसरावं आणि दहा गावांनी निस्तरावं, असा कारभार. मग ही कामं क्रमानं चालवणारी प्रणाली आली. तिचं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. चालकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं 'मुकादम' करून टाकलं.

मुकादम स्वतः काही उचलत नाही. कोणतं काम कोणत्या कामाच्या मागून, कुणाची वाट बघायची, एखादं काम फसलं तर पुन्हा करायचं की माणसाला हाक मारायची, एवढंच तो पाहतो. पण एवढ्यानं संघाचं रूप पालटलं. नासणारं दूध जवळजवळ थांबलं, बिलं ठरल्या दिवशी जमा होऊ लागली, आणि कुणाला कुणावर ओरडायचं कारण उरलं नाही. चेलना शाळेत असताना आईनं हे सगळं तिला स्वयंपाकघरात समजावून सांगितलं होतं. "डाळ शिजल्याशिवाय फोडणी नाही, हा झाला नियम. पण माणूस पाटावर येऊन बसल्याशिवाय भाकरी तव्यावर टाकायची नाही. हे मात्र कुठं लिहिलेलं नसतं."

जे लिहिलेलं नसतं तेही शिकणारा मुकादम अलीकडच्या काळात आला. तो चालवणाऱ्या माणसाचा हात बघत राहायचा. बेंदराच्या दिवशी बैल पुजून होईतो धारा उशिरा निघतात, म्हणून नियंत्रण कक्षात बसणाऱ्या चेलनाच्या आई, पद्मावती मगदूम, त्या दिवशी गाड्या मागं ठेवायच्या. गावात लग्न असलं की तिकडं लहान टँकर पाठवायच्या. त्यांनी असं कधी काय केलं, त्याआधी समोर काय काय आलं होतं, कुठला फोन, कुठला निरोप, कुठला आकडा, यांची लाखो उदाहरणं जुळवून मुकादमानं त्यांच्या हाताचं वळण उचललं. कंपनीच्या कागदांत त्याला वेगळं नाव होतं. सगळे म्हणायचे वळणच. माणूस गेला की वळण गोठतं. वापरता येतं, बदलता येत नाही, आणि वारसाच्या संमतीशिवाय पुसताही येत नाही. कायदा झाला तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाद झाले होते. चेलनानं ते एखाद्या दूरच्या देशाची बातमी वाचावी तसे वाचले होते.

नियंत्रण कक्षात आईची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. बाळगोंडा चौगुले शेजारच्या स्टुलावर बसले होते. वाहतूक बघणारा हा माणूस आईच्या हाताखाली उभी हयात काम करत आला होता. तिला ते अक्का म्हणत, तिच्यापेक्षा मोठे असूनही.

"ये गं. च्या सांगू?"

"नको काका. काय दाखवायचंय ते दाखवा."

त्यांनी पडद्याकडं हनुवटी केली. सगळ्या चालकांची नावं हिरवी होती. खाली एकच ओळ पिवळी होती.

*थांबलं आहे. एक माणूस अजून पोचायचं आहे.*

चेलनानं ती ओळ पुन्हा वाचली. थांबण्याचं कारण मुकादम आपल्या माणसाच्या भाषेत सांगतो, हे तिला ठाऊक होतं. तरी ते वाक्य असं समोर, आईच्या बोलण्याच्या लयीत.

"कोण पोचायचंय?"

"तेच तर. डोकी मोजली, गाड्या मोजल्या, सगळी हाईत. नाव इचारलं तर म्हनतो, यादीत न्हाई." काकांनी आवाज खाली घेतला. "पोरं म्हनत्यात, सिद्दू हाय."

सिद्दूची गोष्ट तिला माहीत होती. महापुराच्या साली त्याचा टँकर नदीकाठी थांबला. नकाशावर गाडीचा ठिपका हिरवा, जागच्या जागी. सगळ्यांना वाटलं, पुलापाशी रांगेत उभा असेल. गाडी खरंच तिथंच होती, पाण्याखाली. तेव्हापासून आईनं नियम केला: गाडी पोचली म्हणजे माणूस पोचला असं नाही. प्रत्येक चालकानं परत आल्यावर तिच्या संघाच्या फोनवर स्वतःच्या हातानं कळवायचं. 'पोचलो.' सगळ्यांचं 'पोचलो' आल्याशिवाय ती पुढची साखळी सोडत नसे.

"म्हणून नारळ?"

"ते ड्रायव्हरांचं. मी म्हनलं, फोडा. नारळानं दूध तरी नासत न्हाई." ते हसले. "तुझी आई सगळी आल्यावर बी जरा बसायची बघ. फोन हातात घिऊन. मी म्हनायचो, अक्का, झालं की आता, सोडा. ती म्हनायची, थांब रे जरा. मग फोनकडं बघायची, आन् बटन दाबायची."

"रोज?"

"रोज."

टेबलावर आईचा संघाचा फोन मुकादमाच्या तारेला जोडून ठेवलेला होता. चालकांचे निरोप अजून त्याच क्रमांकावर येत. चेलनानं त्या फोनकडं पाहिलं, मग आपल्या पिशवीकडं.

ती कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात शिकवायची. रोज स्कूटरनं महामार्गावरून जाणं-येणं. दुपारी घरी आली की कुलूप काढायच्या आधी आईला एक शब्द पाठवायची. स्वतःचा फोन आई घरीच विसरायची, म्हणून संघाच्या फोनवर. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हे चाललं होतं; सुट्टीला घरीच असली तरी त्या वेळी तो शब्द जायचाच. त्यात प्रेम वगैरे काही आहे असं दोघींपैकी कुणालाही वाटत नसे. दात घासावेत तसं ते होतं. आई गेल्यावर तिनं तो शब्द पाठवणं बंद केलं. पाठवायचा तरी कुणाला?

"काका, आज मी कॉलेजला गेले नव्हते," ती म्हणाली. आपण हे का सांगतोय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. तिनं फोन काढला. आईच्या नावाखाली शेवटचा निरोप अजून तसाच होता. तिनं त्याच्याखाली लिहिलं: पोचले.

दोन टिका उमटल्या. निळ्या झाल्या.

पिवळी ओळ गेली. चार्जिंगचे दिवे एकामागून एक विझले, आवारात मोटारी गुणगुणल्या, आणि फाटक उघडायला लागलं. बाहेर चालक धावत आपापल्या गाडीकडं सुटले. एकजण ओरडला, "नारळ लागला रं!"

काका उभे राहिले होते. त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

निनादला सगळं सांगितल्यावर तो हातातली लेखणी फिरवू लागला.

"म्हणजे चालकांचे निरोप आणि तुमचा निरोप, मुकादमाच्या लेखी सारखेच," तो म्हणाला. "आई कशाची वाट बघतात एवढंच त्यानं पाहिलं. पण मग काही वेळानं ते आपलं आपण सुटायला हवं. निरोप आला नाही तर माणूस शेवटी काहीतरी ठरवतोच की."

"माझा निरोप आला नाही असं कधी झालं नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

हीच ती गोम होती. शिकणारं यंत्र उदाहरणांवर जगतं. निरोप येतो आणि आई गाड्या सोडते, अशी हजारो उदाहरणं त्याच्यापाशी होती. निरोप न येण्याचं एकही नव्हतं. तो दिवस त्यानं पाहिलेलाच नव्हता. आईनं किती वेळ वाट बघितली असती? कधी उठली असती, कुणाला फोन केला असता, आणि दुधासाठी म्हणून काळजावर दगड ठेवून बटण दाबलं असतं की नाही? यंत्राला ते माहीत असायचं कारण नव्हतं. चेलनालाही ते कधी कळणार नव्हतं.

नुसती तेवढी सवय उपटून काढता येत नव्हती. बेंदूर, लग्नं, रस्ते, माणसं, सगळं एकाच विणीत होतं. काढायचं तर सगळंच. तेव्हा असं ठरलं की बाळगोंडाकाकांच्या हाताखाली नवं वळण तयार होऊ द्यायचं, आणि तोवर चेलनानं रोज निरोप पाठवायचा.

"रोज कशाला, मॅडम?" निनाद म्हणाला. "तुमच्या नावानं तो शब्द ठरल्या वेळी आपोआप जाईल अशी सोय करू. मुकादमच पाठवेल मुकादमाला. तुम्हाला त्रास नको."

"नको."

"का पण?"

"न पोचता पोचले म्हणू?"

त्याला हसू आलं. तिला आलं नाही.

उन्हाळा चढत गेला. चेलना रोज घरी यायची आणि कुलूप काढायच्या आधी तो शब्द पाठवायची. निळ्या टिका उमटायच्या. मग ती गॅलरीत जाऊन उभी राहायची. घर संघाच्या रस्त्यावरच होतं. थोड्या वेळानं टँकरांची रांग वळणावरून पुढं यायची आणि एकेक करून खालून जायची. हे आपण घडवून आणलं असं तिला वाटायचं. कुणीतरी आपली वाट बघत होतं आणि आता सुटलं, असंही वाटायचं. हळूहळू ती एका शब्दावर थांबेना. *पोचले. आज डोकं दुखतंय. पोचले. कुंडीतल्या मोगऱ्याला कळी आली.* मुकादमाला त्यातला पहिला शब्द पुरे होता. बाकीचं तो वाचत नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. विभागाची सहल होती, तिला ती गेली नाही. मैत्रिणीनं मुक्कामाला बोलावलं तर दूध संघाचं काम आहे म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं.

"नवं वळण कुठवर आलं, काका?" एकदा तिनं फोनवर विचारलं.

"झालंच की गं. साहेब म्हनत्यात, पंधरवड्यापास्नं तयार हाय. तुझ्या सहीसाठी अडलंय."

"सवडीनं येते," ती म्हणाली, आणि गेली नाही.

विद्यापीठाच्या परीक्षा सुरू झाल्या. पर्यवेक्षकांचे फोन पेटीत कुलूपबंद ठेवायची पद्धत होती. पेपर संपला की पेटी उघडायची, आणि ती वेळेत घरी पोचायची. त्या दिवशी तिच्या वर्गात एक मुलगा चिठ्ठीसकट सापडला. पंचनामा, जबाब, मुलाची रडारड. वडिलांना बोलवा, प्राचार्यांना बोलवा. ते सगळं उरकेपर्यंत पेटी उघडायला कुणाला सवड झाली नाही. चेलना तीनदा म्हणाली, "मला एक फोन करायचाय." परीक्षाप्रमुख म्हणाले, "मॅडम, तुम्हीच साक्षीदार. तुम्हीच नियम मोडणार?" घरी न पोचता पोचले म्हणायचं नाही हे आपलं आपणच ठरवलेलं होतं. आता म्हणायचं ठरवलं तरी हातात फोन नव्हता.

फोन मिळाला तेव्हा त्यावर काकांचे न उचललेले फोन होते. निनाद विमानात होता. त्याचा अधिकार दुसऱ्या कुणाकडं नव्हता. तिनं कॉलेजच्या दारात उभं राहून पहिल्यांदाच न पोचता लिहिलं: पोचले. तिकडं गाड्या सुटल्या. पण दिवसभर वीज नव्हती त्या नांदवडी गावच्या दूध केंद्रापर्यंत टँकर पोचला तेव्हा तिथलं दूध फाटलं होतं.

काकांकडून ते कळल्यावर वाट वाकडी करून ती नांदवडीला गेली. केंद्र बायकांचं होतं. कॅन ओतून देत होत्या. गटारीतून पांढरा ओघळ रस्त्यापर्यंत आला होता आणि त्याच्या कडेनं कुत्री उभी होती. केंद्र चालवणाऱ्या कलावतीबाईंनी तिला ओळखलं.

"पद्माबाईंची पोर न्हवं का तू?" त्यांनी पदराला हात पुसले. "बघ की बाई कशी गत झाली. तुझी आई असती तर असं झालं नसतं."

चेलना गटारीतल्या ओघळाकडं बघत राहिली. कलावतीबाईंना वाटलं, आईच्या आठवणीनं हिला भरून आलं. त्यांनी तिला आत नेऊन पाणी दिलं. आदल्या दिवशीच्या दुधाचा चहाही दिला, आणि तो तिला प्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सही केली. निनाद झाल्या प्रकाराबद्दल एक शब्दही बोलला नाही. त्याचे तिनं मनातल्या मनात आभार मानले.

"पुसण्याआधी काही बघायचंय का?" त्यानं विचारलं. "म्हणजे, आईंचे काही..."

"नाही. फक्त चालकांचा 'पोचलो' नियम म्हणून लिहून ठेवा. वळणात नको. कागदावर."

"ठेवतो."

पुसायला फारसा वेळ लागला नाही. ती बाहेर आली तेव्हा फाटकापाशी नारळाची एक वाळकी करवंटी अजून पडलेली होती.

त्या दुपारी परीक्षा नव्हती. ती वेळेत घरी आली. कुलपात किल्ली घातली. हाताला काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं, पण तिनं फोन काढला नाही. चहा टाकला. चहा उकळला, गाळून झाला, कपात निवला. रस्त्यावर टँकर नव्हते.

फोन वाजला. काका होते.

"पोचलीस काय गं?"

"मघाशीच. काका, गाड्या का नाही सुटल्या?"

"सोडतो आता."

"मुकादम थांबलाय?"

"मुकादम न्हाई थांबला. मी थांबलोय. तिच्यापाशी बसून बसून सवय लागली. सगळी पोरं आली, बटनावर बोट ठेवलं, आन् वाटलं, ही कुठवर आली आसल." ते ओशाळून हसले. "आता ह्यो नवा मला इचारतोय, कशासाठी थांबलाय म्हनून. काय सांगू त्याला?"

चेलना गॅलरीच्या दाराला टेकली. पुसलेलं वळण दुसऱ्याच्या हातात उतरून बसलं होतं. आज सांगितलं तर यंत्र ते शिकेल, उद्या आणखी पक्कं शिकेल. आणि काका निवृत्त होतील तेव्हा, किंवा ती स्वतः कधीतरी रस्त्यात राहील तेव्हा, पिवळी ओळ पुन्हा उमटेल.

"खरं तेच सांगा," ती म्हणाली. "एक माणूस यायचं होतं, आलं. आणि काका, उद्या मला फोन करा. मी उचलणार नाही."

"म्हंजे?"

"मी घरीच असेन. तरी उचलणार नाही. तुम्हाला वाटेल तेवढी वाट बघा, आणि मग गाड्या सोडा. तो दिवस त्यानं कधी बघितलेला नाही. त्याला दाखवायला हवा."

काकांना समजायला वेळ लागला. समजल्यावर ते म्हणाले, "अवघड सांगतीस बघ."

"हो."

दुसऱ्या दिवशी ती गॅलरीत खुर्ची टाकून बसली. फोन मांडीवर होता. तो वाजला. पडद्यावर काकांचं नाव आलं. ती बघत राहिली. वाजून वाजून तो थांबला. खाली रस्ता रिकामा होता. समोरच्या घरात कुणीतरी धान्य पाखडत होतं.

तो पुन्हा वाजला. ती घरात आहे, सुखरूप आहे, हे पलीकडच्या माणसाला माहीत होतं. आपण उचलणार नाही, हेही. तरी त्यानं दुसऱ्यांदा लावला होता. तिनं फोन दोन्ही हातांत धरला. तो हाताला थरथरत होता, एखादं लहान जनावर धरावं तसा. तिनं आधार द्यावा तसं बोट त्याच्यावर ठेवलं, पण दाबलं नाही. तो थांबला.

मग बराच वेळ काही झालं नाही. तिसऱ्यांदा फोन आला नाही.

वळणावरून पहिला टँकर पुढं आला. त्याच्या मागून दुसरा. ती उठून कठड्यापाशी गेली आणि शेवटची गाडी नजरेआड होईपर्यंत तिथंच उभी राहिली. मग तिनं काकांना तोच एक शब्द पाठवला आणि आत जाऊन दिवा लावला.